थर्मल कॅमेऱ्याच्या खोक्यावर सेन्सरचा खरा आकडा छापा

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : स्वस्त थर्मल कॅमेऱ्यांच्या रिझोल्यूशनबाबत केले जाणारे दिशाभूल करणारे दावे

महोदय,



मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. इचलकरंजी आणि आसपासच्या यंत्रमाग कारखान्यांतल्या पॅनेलची देखभाल हे माझे काम आणि नव्या वायरमन मुलांना ते शिकवणे ही मी आपणहून घेतलेली जबाबदारी. गेल्या काही वर्षांत या मुलांच्या पिशवीत टेस्टर, पक्कड आणि क्लॅम्प मीटरच्या जोडीला थर्मल कॅमेरा आला आहे. ढिला पडलेला जॉइंट आग लागण्याआधी सापडावा म्हणून ती पदरमोड करून तो विकत घेतात. त्यांच्या पैशांची आणि त्याहून जास्त त्यांच्या जिवाची काळजी वाटते, म्हणून हे पत्र आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे.

तक्रार थोडक्यात अशी. ऑनलाइन बाजारात काही हजार रुपयांना मिळणाऱ्या अनेक थर्मल कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत '३२०×२४०' हा आकडा ठळक अक्षरांत असतो, पण उष्णता टिपणाऱ्या सेन्सरवर ३२×२४ एवढेच ठिपके (पिक्सेल) असतात. पहिल्या आकड्याचा गुणाकार ७६,८०० होतो, दुसऱ्याचा ७६८. ग्राहकाला जे मिळणार असे वाटते त्याचा शंभरावा हिस्सा त्याच्या हाती पडतो. मोठा आकडा असतो पडद्याचा. पडद्यावर तेवढे ठिपके खरोखरच असतात, त्यामुळे विक्रेता हात झटकून मोकळा होतो. पण थर्मल कॅमेरा घेणारा माणूस पडदा घेत नसतो. डोळ्यांना न दिसणारे तापमान पाहण्याची क्षमता तो विकत घेत असतो आणि ती क्षमता मुख्यतः सेन्सरवर ठरते.

हा सेन्सर काम कसा करतो ते सांगतो, कारण फसवणुकीचे मूळ तिथेच आहे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. आपल्या कामाचे थर्मल कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण टिपतात. चांगल्या कॅमेऱ्यात त्यासाठी मायक्रोबोलोमीटर नावाची जाळी असते. तिच्यातले एकेक घर, म्हणजे एकेक ठिपका, किरण पडून अगदी किंचित तापते, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून तापमान काढले जाते. हल्लीच्या अनेक सेन्सरवर दोन घरांमधले अंतर १२ मायक्रॉन असते. साधी काच हे किरण अडवते, म्हणून भिंग जर्मेनियमसारख्या महाग पदार्थाचे करावे लागते. सर्वांत स्वस्त उपकरणांत थर्मोपाइल जातीचे छोटे सेन्सर असतात. पॅनासॉनिकचा ग्रिड-आय हा ८×८, म्हणजे ६४ घरांचा. मेलेक्सिसचा एमएलएक्स९०६४० हा ३२×२४ घरांचा. या दोन्ही कंपन्या आपापल्या माहितीपत्रकात हे आकडे स्वच्छ लिहितात. खोट शिरते ती पुढे, हा सेन्सर पेटीत बसवून त्या पेटीची जाहिरात करताना.

थर्मल कॅमेऱ्याची किंमत मुख्यतः या घरांच्या संख्येनुसार चढते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१३ साली फ्लिर कंपनीच्या ई४ या ८०×६० च्या कॅमेऱ्याबाबत हौशी तंत्रज्ञांच्या लक्षात आले की त्याच्या आत ३२०×२४० च्या महागड्या ई८ चेच यंत्र आहे. आतल्या आज्ञावलीने बरेचसे ठिपके अडवून ठेवले होते. त्या कंपनीने जेवढे सांगितले तेवढे दिले, म्हणून त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण ठिपक्यांना किती मोल आहे, हे त्या प्रकरणाने लख्ख दाखवले. ज्या आकड्यावर किंमत ठरते, तोच आकडा संदिग्ध ठेवणे अनवधानाने होत नाही.

दिशाभूल करण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. पडद्याच्या ठिपक्यांना 'रिझोल्यूशन' म्हणणे ही त्यातली सर्वांत ढोबळ.

दुसरी तऱ्हा गणिताने फुगवलेल्या चित्राची. दोन खऱ्या ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने किमती भरून ३२×२४ चे २४०×१८० किंवा ३२०×२४० करता येते. चित्र मऊ आणि गुळगुळीत दिसू लागते, माहितीत मात्र कणाचीही भर पडत नाही. आमच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. पासपोर्ट फोटो दहा फूट उंच केला की चेहरा मोठा होतो, पण मूळ फोटोत न उमटलेला तीळ फ्लेक्सवर उमटत नाही. फुगवलेल्या थर्मल चित्राचेही तसेच आहे. जाहिरातीत मात्र याला 'एन्हान्स्ड आयआर रिझोल्यूशन' असे भारदस्त नाव मिळते आणि मूळ आकडा कुठेच सापडत नाही.

तिसरी तऱ्हा जास्त फसवी, कारण तिच्यामुळे चित्र खरोखर सुरेख दिसते. कॅमेऱ्यात शेजारी एक साधा, दृश्य प्रकाशाचा कॅमेराही असतो. त्याने टिपलेल्या कडा थर्मल चित्रावर चढवल्या की एमसीबीवरची (छोट्या सर्किट ब्रेकरवरची) अक्षरे आणि वायरचे वळण स्वच्छ दिसते. हे तंत्र वाईट नाही. नामांकित कंपन्या ते वापरतात आणि नेमका कोणता जॉइंट गरम आहे हे अहवालात दाखवायला ते उपयोगी पडते. पण त्या रेघा तापमानाच्या नसतात. जाहिरातीत मिश्र चित्र दाखवायचे, दृश्य कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक छापायचे आणि थर्मल सेन्सरबद्दल मौन पाळायचे, ही फसवणूक आहे.

चौथी तऱ्हा गुणाकाराची. '६४ पिक्सेल', '१०२४ पिक्सेल', '३६०० पिक्सेल' असे आकडे ऐकायला भरघोस वाटतात. उलगडले की अनुक्रमे ८×८, ३२×३२ आणि ६०×६० निघतात. लांबी-रुंदीत लिहिले तर पोकळपणा लगेच दिसला असता, म्हणूनच ते गुणून लिहिले जातात.

पाचवी, तापमानाच्या पायरीचा आकडा अचूकतेच्या जागी पुढे करणे. '०.१ अंश रिझोल्यूशन' म्हणजे पडद्यावर दशांशाचा एक आकडा दिसतो, एवढेच. हातात धरायच्या चांगल्या कॅमेऱ्याचीही अचूकता साधारण ±२ अंश किंवा वाचनाच्या २ टक्के अशी दिलेली असते. ठिपके किती हे सांगायचे टाळून ०.१ ठळक छापले की ग्राहकाला उत्तर मिळाल्यासारखे वाटते, आणि त्याचा प्रश्न तसाच राहतो.

इथे एक न्याय्य फरक नोंदवला पाहिजे. टेस्टो किंवा फ्लिरसारख्या कंपन्या हाताच्या सूक्ष्म कंपामुळे किंचित सरकलेल्या अनेक चित्रांमधून एक अधिक तपशिलाचे चित्र बांधतात. त्यात प्रत्येक चित्रातून थोडी नवी माहिती खरोखर येते, त्यामुळे ती निव्वळ फुगवाफुगवी नव्हे. शिवाय सेन्सर १६०×१२० चा आणि या तंत्राने होणारे चित्र ३२०×२४० चे, अशा दोन वेगळ्या नोंदी या धंद्यात केल्या जातात. प्रामाणिकपणे आकडा लिहिता येतो याचे हे उदाहरण आहे. माझी मागणी सर्वांनी एवढेच करावे अशी आहे.

महोदय, आता मुख्य मुद्दा. थर्मल कॅमेऱ्यात ठिपके कमी असले तर केवळ चित्र ओबडधोबड येते, असा समज आहे. प्रत्यक्षात तापमानच खोटे येते. एकेक ठिपका त्याच्या वाट्याला आलेल्या संपूर्ण जागेची सरासरी दाखवतो. या जागेचा हिशोब सोपा आहे. दृश्यकोन ५५ अंशांच्या आसपास असला, तर एक मीटरवरून कॅमेऱ्याला सुमारे एक मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्याला आडव्या ठिपक्यांनी भागा. २५६ ठिपके असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४ मिलिमीटर येतात. १६० ला साडेसहा, ८० ला १३ आणि ३२ ला तब्बल ३२ मिलिमीटर. आपल्या घरातल्या डीबीमधल्या (वितरण पेटीमधल्या) एका पोलच्या एमसीबीची रुंदी सुमारे १८ मिलिमीटर असते. म्हणजे ३२×२४ च्या कॅमेऱ्याचा एकच ठिपका जवळजवळ दोन एमसीबी गिळून बसतो.

समजा एका टर्मिनलचा ८ मिलिमीटरचा स्क्रू ढिला होऊन ९० अंशांपर्यंत तापला आहे आणि आजूबाजूचे सारे ३५ अंशांवर आहे. ३२ मिलिमीटरच्या चौकोनात त्या स्क्रूने व्यापलेली जागा पाच टक्क्यांच्या आसपास भरते. पडद्यावर आकडा येईल ४० अंशांच्या जवळपासचा. आमच्याकडे उन्हाळ्यात बंद पत्र्याच्या शेडमधली भिंतसुद्धा चाळीसला जाते. वायरमन 'ठीक आहे' असे लिहून पुढच्या पॅनेलकडे वळेल. जॉइंट ढिला असला की रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते, उष्णतेने धातूवर गंज आणि काजळी चढते आणि रोध आणखी वाढतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि पॅनेलच्या आतबाहेर साचतात. ९० अंशांचा जॉइंट ४० अंशांचा भासला, तर तिथे काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको.

यात दुसरा धोकाही दडला आहे. चित्रात नीट दिसत नाही म्हटल्यावर माणूस जवळ सरकतो. भरवशाचे तापमान हवे असेल तर मोजायची जागा किमान तीन बाय तीन ठिपक्यांनी व्यापलेली असावी, असा या कामातला रुळलेला नियम आहे. २५६ ठिपक्यांच्या कॅमेऱ्याने तो ८ मिलिमीटरचा स्क्रू सुमारे ६५ सेंटिमीटरवरून तपासता येतो. ३२ ठिपक्यांच्या कॅमेऱ्याला त्यासाठी ८ सेंटिमीटरपर्यंत पुढे जावे लागेल. ४१५ व्होल्टच्या उघड्या बसबारपासून आठ सेंटिमीटरवर हात! खोक्यावर छापलेला खोटा आकडा एखाद्या विशी-बाविशीच्या मुलाला त्या अंतरापर्यंत ओढून नेऊ शकतो. म्हणून या तक्रारीकडे सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

थर्मल तपासणीत चुका होण्याच्या इतरही जागा आहेत. चकचकीत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पट्टा स्वतः फार कमी किरण सोडतो आणि समोरच्या वस्तूंचे किरण परावर्तित करतो, त्यामुळे तो तापलेला असूनही थंड दिसतो. अशा ठिकाणी वीजपुरवठा बंद असताना आधीच काळी इन्सुलेशन टेप लावून ठेवावी आणि तिच्यावर मोजावे, हे मी मुलांना शिकवतो. कॅमेऱ्यात उत्सर्जकता (पृष्ठभागाची किरण सोडण्याची क्षमता) कशी भरायची, भार पुरेसा असतानाच का तपासायचे, तिन्ही फेज एकमेकींशी ताडून कशा पाहायच्या, हेही शिकवता येते. पण सेन्सरवर नसलेला ठिपका शिकवणीने निर्माण करता येत नाही. माणसाचे कौशल्य जिथे अपुरे पडते, तिथे यंत्राविषयीची माहिती तरी खरी असली पाहिजे.

कायदा आपल्या हाती आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिली आहे. वस्तूचे खोटे वर्णन करणारी, तिच्या स्वरूपाबद्दल, प्रमाणाबद्दल किंवा गुणवत्तेबद्दल गैरसमज करून देण्याची शक्यता असलेली किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात त्या व्याख्येत बसते. पडद्याचा आकडा पुढे करून सेन्सरचा दडवणे यात बसत नसेल, तर मग काय बसेल? कलम २१ प्रमाणे आपण अशी जाहिरात थांबवू शकता, तिच्यात बदल करायला लावू शकता आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकता. पुन्हा तोच गुन्हा घडला तर ५० लाखांपर्यंत. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे वस्तूचे वर्णन आणि छायाचित्रे प्रत्यक्ष वस्तूशी जुळतात, अशी हमी ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांनी विक्रेत्यांकडून घ्यायची आहे. ९ जून २०२२ रोजी आपणच जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की तळटीप देऊन मुख्य दाव्यातली महत्त्वाची माहिती लपवता येणार नाही.

आपण अशा एखाद्याच वस्तूत लक्ष घालणार नाही, असे कोणी म्हणू नये. गाडीतल्या सीटबेल्टची घंटी बंद पाडणाऱ्या क्लिपा विकल्याबद्दल आपण २०२३ मध्ये पाच बड्या ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश दिले आणि त्यांच्या संकेतस्थळांवरून १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या. २०२५ मध्ये वॉकी-टॉकीसारख्या रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी आपण स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. वस्तू लहान असली तरी तिच्यामुळे जीव धोक्यात येत असेल, तर आपण हस्तक्षेप करता. थर्मल कॅमेऱ्याच्या बाबतीत मी तेवढेच मागतो आहे.

सामान्य ग्राहकाला समजेल अशी खूण कायद्याने छापायला लावता येते, हाही आपल्या देशाचा अनुभव आहे. फ्रिज आणि एसीची वीजबचत तपासायला आज कोणाला अभियंता व्हावे लागत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी २००६ मध्ये आली, २०१० पासून काही उपकरणांवर ती सक्तीची झाली आणि आज दुकानात तारे किती हे ग्राहक आधी पाहतो. थर्मल कॅमेऱ्यासाठी तर त्याहून सोपी खूण पुरेशी आहे.

माझ्या मागण्या पाच आहेत.

एक. सेन्सरचे ठिपके लांबी × रुंदी याच रूपात खोक्यावर आणि ऑनलाइन नोंदीच्या मथळ्यात छापावेत. 'रिझोल्यूशन' या शीर्षकाखाली दुसरा कोणताही आकडा येऊ नये.

दोन. पडद्याचे, फुगवलेल्या चित्राचे आणि दृश्य कॅमेऱ्याचे आकडे त्या-त्या नावाने, सेन्सरच्या आकड्यानंतर आणि त्याहून लहान अक्षरांत द्यावेत.

तीन. दृश्यकोन देऊन 'एक मीटरवर एक ठिपका म्हणजे इतके मिलिमीटर' हे मराठीसह ग्राहकाच्या भाषेत लिहावे. तंत्रज्ञ याच गोष्टीला आयएफओव्ही म्हणतात आणि मिलिरेडियनमध्ये मोजतात, पण मिलिमीटर सर्वांना कळतात.

चार. नोंदीतली नमुना चित्रे त्याच मॉडेलने काढलेली असावीत आणि त्यांतले किमान एक दृश्य कॅमेऱ्याच्या मिश्रणाशिवायचे असावे.

पाच. सेन्सरच्या आकड्याची जागा रिकामी ठेवली तर नोंद प्रसिद्धच होणार नाही, अशी व्यवस्था ऑनलाइन बाजारांनी करावी. हा आकडा खोटा निघाला, तर परतीची नेहमीची मुदत संपल्यावरही पैसे पूर्ण परत मिळावेत. भारतीय मानक ब्युरोच्या मदतीने एक साधी चाचणीपद्धत ठरली, तर वाद उद्भवल्यावर निवाडा करणे सोपे जाईल.

या नियमांना काही काळ लागेल. तोवर माझ्या कारागीर भावंडांसाठी चार गोष्टी इथेच लिहितो. आपल्या तपासणी अधिकाऱ्यांनाही त्या उपयोगी पडतील.

विकत घेण्याआधी तपशिलात 'डिटेक्टर', 'सेन्सर' किंवा 'आयआर रिझोल्यूशन' शोधा. फक्त 'डिस्प्ले' सापडला तर विक्रेत्याला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दृश्यकोन आणि आयएफओव्ही दोन्ही दिले असतील तर ते ताडून पाहा. एक अंश म्हणजे साडेसतरा मिलिरेडियन. ५६ अंशांचे सुमारे ९७७ होतात. आयएफओव्ही ३.८ लिहिले असेल तर ९७७ भागिले ३.८, म्हणजे जवळजवळ २५७. मग २५६ ठिपक्यांचा दावा जुळतो. त्याच कोनाला आयएफओव्ही ३० दिले असेल, तर ठिपके ३२ च्या आसपासच आहेत, मथळ्यात काहीही लिहिलेले असो.

कॅमेरा हातात आल्यावर दृश्य कॅमेऱ्याच्या छोट्या भिंगावर बोट ठेवा किंवा खोलीत पूर्ण अंधार करा. चित्रातल्या कडा आणि अक्षरे गायब झाली, तर ती सुबकता उसनी होती. उरते ते तुमच्या सेन्सरचे खरे चित्र. मग दुसऱ्या कोणाला एक मीटरवर पंजा पसरून उभे करा. २५६ ठिपक्यांच्या कॅमेऱ्यात पाची बोटे सुटी दिसतात. ३२ ठिपक्यांच्या कॅमेऱ्यात एक उबदार ढग दिसतो.

अधिक नेमके पाहायचे असेल तर पुठ्ठ्यात एक सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या फटी कापा आणि दोन फटींमध्ये तितकीच पट्टी ठेवा. गॅस बंद करून गरम तव्यासमोर तो पुठ्ठा धरायला सांगा आणि पुठ्ठा तापण्याआधी कॅमेरा घेऊन मागे सरकत जा. ज्या अंतरावर पट्ट्या एकमेकींत मिसळतात, तिथे एका ठिपक्याच्या वाट्याची जागा जवळपास पट्टीच्या रुंदीएवढी झालेली असते. साधारण ५५ अंशांच्या भिंगाचा २५६ चा कॅमेरा अडीच मीटरच्या आसपास हरतो, १६० चा दीड मीटरच्या आसपास, आणि ३२ चा एक फूट गाठता-गाठताच. भिंगाच्या मर्यादेमुळे प्रत्यक्ष अंतर थोडे कमी भरेल. पण दीड मीटर आणि एक फूट यांत गफलत होत नाही.

पेटलेली उदबत्तीही चांगली परीक्षक आहे. अंधाऱ्या खोलीत दोन-तीन मीटरवर ती लावा आणि कॅमेरा अगदी सावकाश आडवा फिरवा. ठिपके कमी असतील तर तो तांबडा गोळा सरळ सरकत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तो मंद-तेज होत, उड्या मारत जातो. कॅमेऱ्याच्या ॲपमधून तापमानांची यादी उतरवता येत असेल, तर तीही उघडून पाहा. शेजारच्या दहा-बारा आकड्यांमध्ये जिन्याच्या सारख्या पायऱ्यांप्रमाणे एकसारखी वाढ दिसली, तर मधले आकडे गणिताने भरलेले आहेत. या सगळ्या चाचण्या घरीच करा, चालू पॅनेलसमोर नाही. आकडा खोटा निघाला तर फोटो आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवून परतीच्या मुदतीत वस्तू परत करा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एकेकट्याची तक्रार नोंदवली गेली, तरच प्राधिकरणाला तिच्यातून एक चित्र दिसेल.

या मागण्यांवर एक आक्षेप येईल, तोही विचारात घेतो. 'स्वस्त घेतले तर स्वस्तातलेच मिळणार, एवढे ग्राहकाला कळायला हवे,' असे म्हटले जाते. स्वस्त वस्तूला माझा विरोध मुळीच नाही. ३२×२४ चा कॅमेरा खरे सांगून विकला तर तो उपयोगाचा आहे. फ्रिजच्या दाराचे रबर कुठे सुटले, एसीच्या डक्टमधून थंड हवा कुठे गळते, गरम पाण्याची नळी भिंतीतून कुठून जाते, दोन मोटारींपैकी कोणती जास्त तापते, हे सगळे त्यावर दिसते. शाळेतल्या मुलांना उष्णता कशी पसरते हे दाखवायलाही तो छान आहे. कमी पैशांत हे साधन सामान्य माणसापर्यंत पोहोचले ही मोठीच गोष्ट झाली. मात्र त्याने डीबीतला स्क्रू तपासता येत नाही, हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे. महागडा कॅमेरा घेणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे माहितीपत्रक वाचणारा अभियंता असतो. ज्याच्याकडे तो नसतो, त्याच्या वाट्याला संदिग्ध आकडे येतात. आणि खरा आकडा छापून विकणारा प्रामाणिक विक्रेता मोठ्या आकड्यांच्या बाजारात मागे पडतो, हेही नुकसान आपण लक्षात घ्यावे.

महोदय, मी नवी यंत्रणा मागत नाही, अनुदान मागत नाही, आयातीवर बंदीही मागत नाही. उत्पादकाला सेन्सर खरेदी करतानाच जो आकडा माहीत झालेला असतो, तो त्याने ग्राहकालाही सांगावा, एवढीच माझी मागणी आहे. तो छापायला नवा खर्च नाही आणि तपासायला फार मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. आपण ऑनलाइन बाजारांकडून सध्याच्या थर्मल कॅमेऱ्यांच्या नोंदी मागवाव्यात, ज्यांत सेन्सरचा आकडा नाही त्यांना नोटिसा काढाव्यात आणि वरील पाच मुद्द्यांवर मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा लोकांसमोर ठेवावा. त्या मसुद्यावर सूचना देण्यासाठी आणि चाचणीपद्धत ठरवताना प्रत्यक्ष पॅनेलवरचा अनुभव सांगण्यासाठी माझ्यासारखे कारागीर आपला वेळ विनामूल्य देतील, याची मी खात्री देतो.

आपला नम्र,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक,
इचलकरंजी, जिल्हा कोल्हापूर